तोंडानं माफ, मनातून नाही

(संघटनेच्या वार्षिक शिबिरात ‘श्रद्धा आणि आपण’ या सत्रात केलेल्या भाषणाचं शब्दांकन.)

या सत्रात बोलशील का, असं विचारलं तेव्हा मी आधी नाही म्हटलं होतं. तलाक, पोटगी, कायदा यांवर मला कधीही उभं करा, मी बोलेन. पण श्रद्धेवर बोलायचं तर स्वतःवर बोलावं लागतं आणि ते मी इतकी वर्षं टाळत आले. म्हणून सुरुवात एका कबुलीनंच करते.

काही वर्षांपूर्वी आपलं शिबिर रमजानच्या महिन्यात आलं होतं. तिन्ही दिवस दुपारच्या जेवणाच्या वेळी ‘पोट बरं नाही’ असं सांगून मी खोलीवर जाऊन पडत होते. माझा रोजा होता. तुमच्यापैकीच एकीनं काळजीपोटी लिंबू सरबत आणून दिलं. ती गेल्यावर ते मी मोरीत ओतलं. इतक्या चळवळीत राहून ही अजून रोजे धरते, असं तुम्ही म्हणाल याची मला भीती वाटत होती. शिबिर संपवून घरी गेले तर अम्मीनं विचारलं, ‘पाचही वेळची नमाज होते ना गं?’ मी ‘हो’ म्हणाले. होत नव्हती. इथं तुमच्यापासून श्रद्धा लपवली, तिथं आईपासून शंका लपवली. हे असं माझ्या एकटीचंच आहे, असं मला तेव्हा वाटायचं. तसं नव्हतं हे मला माझ्या दादीमुळे कळलं. दादी म्हणजे माझ्या वडिलांची आई.

आमचं घर पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावचं. घरात दखनी, शाळेत मराठी. आजही कुणी ‘मुसलमान असून तुमचं मराठी किती छान!’ म्हणतं, तेव्हा काय उत्तर द्यावं ते मला समजत नाही. मी चौथीत असताना दादा वारले. जनाजा अंगणात ठेवला होता, उचलायची घाई चालली होती. तेवढ्यात नात्यातले एक वडीलधारे आतल्या खोलीच्या दाराशी आले. आत बायकांच्या गर्दीत दादी बसली होती. त्यांनी बाहेरूनच विचारलं, ‘मेहेर माफ करी ना?’ सगळ्या बायका दादीकडे बघायला लागल्या. दादी काहीच बोलेना. शेजारच्या खालानं तिचा खांदा हलवला. मग दादी म्हणाली, ‘करी.’ जनाजा उचलला गेला.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते. मेहेर म्हणजे निकाहाच्या वेळी नवऱ्यानं बायकोला द्यायची ठरलेली रक्कम किंवा वस्तू. ती बायकोच्या मालकीची असते. पुष्कळ घरांत ती निकाहनाम्यावर नुसती लिहिली जाते, हातात पडत नाही. आणि नवरा मेला की मय्यत दारात असताना बायकोकडून ती माफ करून घेतात. नाही तर मेलेल्यावर कर्जाचा भार राहतो, असं सांगतात. अशा वेळी, चार माणसांत, कोणती बाई ‘नाही’ म्हणेल?

दादीची मेहेर पाचशे एक रुपये होती. तिचं लग्न १९५५च्या सुमाराचं. त्या काळी तेवढ्या पैशात काही तोळे सोनं आलं असतं. दादा गेले तेव्हा त्यात एखादी बरी साडी आली असती.

मी लहानपणी कुरआन वाचायला शिकले. आमच्या गल्लीत एक आपा मुलींना शिकवायच्या. अक्षर ओळखायचं, उच्चार नीट करायचा, डोलत म्हणायचं. दहाव्या वर्षी माझं कुरआन पूर्ण झालं. घरी मिठाई वाटली, मला नवा ड्रेस शिवला. अर्थ मात्र एकाही ओळीचा कळत नव्हता. तो विचारायचा असतो हेही मला माहीत नव्हतं. आपांनाही तो कुणी शिकवला नव्हता, त्यामुळे त्यांना मी दोष देत नाही. त्यांनी आम्हाला निदान अक्षरं तरी दिली. पण त्यामुळे झालं असं, की ‘आपल्यात असं असतं’ आणि ‘आपल्यात असं चालत नाही’ एवढाच आमचा धर्म झाला. ही वाक्यं कुठून आली हे कुणी तपासायचं नाही.

पुढे मी एम.एस.डब्ल्यू. झाले, संस्थेत कामाला लागले. तिथं मुसलमान बाईची केस आली की सगळ्या माझ्याकडे बोट दाखवायच्या. ‘हिला विचारा, ही त्यांच्यातलीच आहे.’ मलाही ते आवडायचं. आपल्याला काहीच माहीत नाही हे सांगायची लाज वाटायची.

पहिल्याच वर्षी एक बाई आली. तीन वर्षांपासून नवरा एक पैसा देत नव्हता. दुसरीबरोबर राहत होता आणि हिला सोडतही नव्हता. पदरात दोन मुली. मला यातून मोकळं करा, एवढंच ती म्हणत होती. मी अगदी आत्मविश्वासानं सांगितलं, ‘आपल्यात बाईनं सुटायचं तर खुलाच घ्यावा लागतो, आणि त्याला नवऱ्याची संमती लागते.’ मी तिला जमातीच्या पंचांकडे पाठवलं. नवऱ्यानं मेहेर सोडून दे म्हणून सांगितलं, तिनं सोडली. मग तो दागिने मागायला लागला. मग पंधरा हजार रुपये. तिनं कानातलं विकलं. तरी तो हो म्हणेना. यात दोन वर्षं गेली. थोरली मुलगी शाळा सोडून एका घरी धुण्याभांड्याला जाऊ लागली.

दोन वर्षांनी एका वकीलबाईंकडून मला कळलं, की मुस्लिम विवाह विच्छेद कायदा नावाचा एक कायदा १९३९ सालापासून आहे. नवऱ्यानं दोन वर्षं पोषण केलं नाही तर बायको त्या कायद्याखाली कोर्टातून विवाह संपवू शकते. नवऱ्याच्या संमतीची गरज नाही. मारहाण, चार वर्षं बेपत्ता असणं, अशीही कारणं त्यात आहेत. ती बाई पहिल्यांदा माझ्यासमोर बसली त्याच दिवशी तिला कोर्टात जाता आलं असतं.

पुढे तिला हुकूमनामा मिळाला. त्या दिवशी ती मला म्हणाली, ‘ताई, तुम्हाला माहीत नव्हतं तर नाही म्हणायचं होतं.’ तिच्या आवाजात राग नव्हता. तिची मुलगी मात्र परत शाळेत गेली नाही.

त्यानंतर मी वाचायला बसले. कुरआनचा मराठी तर्जुमा आणला. कायद्याची पुस्तकं आणली. १८ एप्रिल १९६६ला हमीद दलवाईंच्या पुढाकारानं सात मुस्लिम बायकांनी मुंबईत विधिमंडळावर मोर्चा नेला होता, तोंडी तलाक आणि बहुपत्नीत्व बंद करा म्हणून, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. सात बायका! शाळेत सांगितलं नाही, घरी सांगितलं नाही. एका दमात तीनदा म्हटलेला तलाक सर्वोच्च न्यायालयानं २२ ऑगस्ट २०१७ला रद्द ठरवला. मधे एक्कावन्न वर्षं गेली.

आणि तर्जुम्यात मला दादीची गोष्ट सापडली. चौथ्या सूऱ्यात, सूरह निसामध्ये, मेहेरविषयी सांगितलंय. बायकांना त्यांची मेहेर आनंदानं द्या. त्यांनी आपल्या मनाच्या खुशीनं त्यातलं काही सोडलं तरच ते घ्या. मनाची खुशी! दादीच्या खांद्याला हलवणारा हात माझ्या डोळ्यांपुढे आला. न दिलेली मेहेर हे नवऱ्यावरचं कर्ज असतं. वारसांनी वाटणी करण्याआधी ते फेडायचं असतं. शिवाय मुलंबाळं असलेल्या विधवेला आठवा हिस्सा मिळतो. आमच्याकडे दादांचं दुकान आणि घर मुलांत वाटलं गेलं. दादीला मेहेर मिळाली नाही आणि आठवा हिस्साही नाही. त्या मुलांत माझे अब्बाही आहेत, हे इथं सांगायलाच हवं.

सुट्टीत घरी गेले तेव्हा दादीला हे वाचून दाखवलं. ती अंथरुणावर बसून सुपारी कातरत होती. बराच वेळ काही बोलली नाही. मग दार लोटून घ्यायला सांगितलं आणि हळूच म्हणाली, ‘मूं से माफ करी थी बेटा, दिल से नै करी.’ तोंडानं माफ केली, मनातून नाही. इतकी वर्षं ती हे पाप समजून पोटात ठेवून होती. दर नमाजेनंतर त्याची माफी मागत होती. मेलेल्या नवऱ्याचा भार आपल्यामुळे उतरला नाही, असं तिला वाटायचं.

मैत्रिणींनो, मला सांगायचं आहे ते एवढंच. दाराशी उभं राहून जे मोठ्यानं विचारलं गेलं, ते धर्म म्हणून चाललं. आणि माझ्या निरक्षर दादीनं जे पाप म्हणून लपवलं, ते त्या पुस्तकात होतं. तिची समजूत बरोबर होती. तिला ते सांगायला पन्नास मैलांत कुणी नव्हतं.

आता कुणी म्हणेल, म्हणजे पुस्तकात सगळं चांगलंच आहे, आणि दोष फक्त लोकांचा. तसंही मला म्हणता येत नाही. त्याच सूऱ्यात मुलाला दोन मुलींएवढा वाटा सांगितलाय. चार बायकांची परवानगीही तिथंच आहे, न्यायानं वागण्याच्या अटीवर. त्या काळात मुलीला वाटा मिळणं हीच मोठी गोष्ट होती, असं विद्वान सांगतात. ते मला पटतं. पण आज मला आणि माझ्या भावाला सारखाच वाटा मिळावा, असंही वाटतं. हे मी आजवर कोणत्याही जमातीच्या बैठकीत बोललेले नाही. इथं तुमच्यासमोर पहिल्यांदा बोलते आहे.

मला धीर दिला तो अठ्ठावन्नाव्या सूऱ्यानं. त्याचं नावच ‘वाद घालणारी’ अशा अर्थाचं आहे. तू मला आईसारखी, असं म्हणून नवऱ्यानं एका बाईला लटकत ठेवलं होतं. धड बायको नाही, धड मोकळी नाही. आपल्याकडे टाकलेली म्हणतात ना, तसंच. ती पैगंबरांकडे गेली, वाद घालत राहिली, आणि तिचं म्हणणं ऐकलं गेलं. ती चाल बंद झाली. हा सूरा मी दहा वर्षांची असताना डोलत डोलत म्हटला होता.

आमच्या वस्तीत आता महिन्यातून एकदा आम्ही बायका बसतो. आपापला निकाहनामा आणायचा आणि वाचायचा. पहिल्या बैठकीला अठराजणी आल्या. त्यांतल्या अकरा जणींकडे निकाहनामा नव्हताच, तो सासरी किंवा भावाकडे होता. आपली मेहेर किती हे सहाजणींना माहीत नव्हतं. १९३९चा कायदा आम्ही वाचला. १९८६च्या कायद्याखाली घटस्फोटितेच्या पुढच्या आयुष्याचीही वाजवी तरतूद नवऱ्यानं इद्दतीच्या मुदतीतच करायची, हा २००१चा निकाल वाचला. घटस्फोटित मुस्लिम बाईला कलम १२५ खालीही पोटगी मागता येते, हा १० जुलै २०२४चा निकाल वाचला. ते कलम नव्या संहितेत १४४ झालंय, लिहून घ्या. कायद्याची चर्चा संपली की खरी बोलणी सुरू होतात. एक म्हणाली, मी दर्ग्यात जाते, नवऱ्याला सांगत नाही. एक म्हणाली, मी जायचं सोडलं, सासूला सांगत नाही.

तुमच्याकडून मला दोन गोष्टी हव्या आहेत. मुसलमान बाईची केस आली की ती एकट्या माझ्याकडे ढकलू नका, तुम्हीही वाचा. आणि पुढचं शिबिर रमजानमध्ये आलं तर मला संध्याकाळी रोजा सोडायला खजूर आणि पाणी ठेवा. मी खोलीत लपणार नाही.

दादी दोन वर्षांपूर्वी गेली. माझ्या निकाहाला ती होती. मेहेर त्याच बैठकीत रोख द्यायची, असं मी ठरवून घेतलं होतं. पाकीट माझ्या हातात आलं तेव्हा दादी म्हणाली, ‘गिन ले.’ लोक हसले. मी सगळ्यांसमोर नोटा मोजल्या. पूर्ण होत्या.