पुढच्यांनी पाऊल आखूड केलं



मी कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. संयोजकांनी ताकीद दिली आहे, 'पाच मिनिटं विज्ञानावर बोल, पण झोपवू नकोस.' म्हणून आपल्या शरीरातल्या हमालांबद्दल बोलते.

पेशीत माल वाहून नेणारी प्रथिनं असतात. त्यांतलं एक कायनेसिन. त्याला दोन पाय आणि चालायला सूक्ष्मनलिकांचे रूळ. भोवतालचे रेणू त्याला सतत ढकलत असतात. संध्याकाळी सहाला दादरच्या पुलावर आपली जी गत होते तीच: धक्के चारी बाजूंनी, दिशा कुठलीच नाही. मग ते पुढे कसं जातं? एक पाय रूळ घट्ट धरून असतो. त्याला एटीपी हा इंधनाचा रेणू चिकटला की प्रथिनाचा आकार बदलतो, मागचा पाय पुढे झुकतो आणि त्याच धक्क्यांमध्ये पुढची जागा पकडतो. एटीपी तुटतो आणि आता मागे राहिलेला पाय सुटतो. एका एटीपीत एक पाऊल, मीटरचा ८ अब्जांश भाग. सेकंदाला शंभरेक पावलं. तरी कमरेपासून पायाच्या बोटापर्यंत मज्जातंतूतून न थांबता जायचं, तर या वेगाने दोन आठवडे लागतील.

उलट, पेशीच्या केंद्राकडे माल आणतं ते डायनीन. ते एकटं अशक्तच. आपल्या कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत डॉ. रूप मलिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लेझरच्या चिमट्यात माल पकडून या दोघांचा जोर मोजला. २०१३ साली त्यांनी दाखवून दिलं की कायनेसिन एकटं ताकदवान, पण गटात त्याचं जमत नाही. डायनीनचं मात्र जमतं. ओझं वाढलं की पुढचं डायनीन पाऊल आखूड करतं, मागची त्याला गाठतात आणि भार वाटला जातो.

हे वाचलं आणि मला १९८२ आठवलं. जानेवारीत गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा आपण नववीत होतो. परळ-लालबागच्या आपल्या कितीतरी घरांतला पगार थांबला. माझे बाबाही गिरणीतच. मी आईबरोबर पापड लाटायला बसले आणि शाळा बुडू लागली. दहावीत आपल्या वर्गात पहिली येणारी मैत्रीण रोज क्लासला जाण्याआधी आमच्या चाळीत यायची. गॅलरीत बसून त्या दिवसाचं गणित मला पुन्हा शिकवायची. पूर्वपरीक्षेत तिचे मार्क घसरले. तिच्या आईने माझ्या आईला चार शब्द ऐकवले. दुसऱ्या दिवशी ती नेहमीच्या वेळी आली, वही उघडली आणि म्हणाली, "काल कुठे थांबलो होतो?"

मी पास झाले, शिकले, शिकवू लागले. तिचे आभार मात्र राहून गेले. ती आज तिसऱ्या रांगेत बसली आहे आणि आता मान खाली घालून हसते आहे.

बाई गं, आज तरी ऐकून घे. तू पाऊल आखूड केलंस, म्हणून मी पोचले.