जुन्या घराच्या भिंतीला ओल कोठून येते?

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चार शब्द बोलावे असा चिटणीसबाईंचा आग्रह पडला. मी सातवीपर्यंत शिकलेली बाई, मोठ्या विषयावर काय बोलणार? तेव्हा घरातलाच विषय घेते. आपल्या समुद्रपुरात जुनी मातीची घरे अजून पुष्कळ आहेत. पावसाळा लागला की भिंती ओलावतात, पोपडे पडतात, धान्याच्या कोठीला कुबट वास येतो. दिवाळीला आपण रंग देतो, आणि पुढल्या श्रावणात पुन्हा तेच!

रंगाचे पैसे घालण्याआधी ओल कोणत्या वाटेने येते ते पाहावे. डाग वर, आढ्याकडे असेल तर कवेलू सरकले असतील. माकडांच्या कृपेने ते आपल्याला नवे नाही. उन्हाळ्यातही ओल हटत नसेल तर पाऊस नव्हे, नळ किंवा न्हाणी तपासावी. आणि जमिनीपासून दोन-तीन फुटांपर्यंत सारखी ओल, वर पांढरा लोणा फुटलेला, अशी भिंत असेल तर पाणी खालून चढते आहे. समईतली वात तेल वर ओढते ना, तसेच माती व वीट पाणी ओढतात. पाणी सुकते, त्यातला खार मागे राहतो आणि तोच गिलावा फोडतो.

आमच्या घरी ओल होती ती नेमकी शेजाऱ्यांच्या व आमच्या मधल्या भिंतीला. पलीकडे त्यांची न्हाणी, अलीकडे मामंजींची खाट. सर्वांचा राग त्या न्हाणीवर. भांडणाला निघण्याचीच तयारी होती. मी म्हटले, आठ दिवस थांबा. वीस वर्षांचा शेजार आहे, हळद-कुंकवाला येणेजाणे आहे. तो एका भिंतीपायी का तोडायचा?

प्रथम भिंतीवर प्लॅस्टिकचा तुकडा चारी कडांनी चिकटपट्टीने घट्ट बसवला. दोन दिवसांनी पाहिले तर पाणी भिंतीकडच्या बाजूला साचले होते. खोलीकडच्या बाजूला साचले असते तर ती हवेतली, चुलीच्या वाफेची ओल ठरली असती. मग शेजारच्या वहिनींना बोलावले. त्यांनी स्वतःच न्हाणीत निळीचे पाणी ओतले. ते सरळ नालीत उतरले. पण एवढ्यावर माझे समाधान झाले नाही, कारण माती रंग गाळून घेते. खरी खूण निराळीच होती. न्हाणी बारा महिने चालते आणि आमची भिंत चैत्र-वैशाखात कोरडी असते. दोष न्हाणीचा असता तर भिंत उन्हाळ्यातही ओली राहिली असती.

मग पेन्सिलने ओलीची रेघ मारून शेजारी तारीख लिहिली. रेघ न्हाणीजवळ खाली होती, रस्त्याकडच्या कोपऱ्यात सर्वांत वर! बाहेर जाऊन पाहिले. सिमेंटचा रस्ता झाल्यापासून आमचे जोते, जे पूर्वी दोन पायऱ्या उंच होते, ते अर्ध्या पायरीवर आले आहे. रस्ता व भिंत यांच्यामध्ये हातभर काळ्या मातीची पट्टी, आणि वळचणीचे पाणी तिच्यातच पडणारे. मुलाकडून हिशोब करून घेतला. छपराचा उतार वीस फूट लांब, दहा फूट रुंद. वर्षाला चाळीस इंच पाऊस धरला तर सुमारे १९,००० लिटर पाणी. पंधरा लिटरचे साडेबाराशेहून अधिक हंडे आपण भिंतीच्या मुळाशी ओततो आहोत! काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते व पाणी धरून ठेवते.

गवंडी म्हणाला, सिमेंटचा गिलावा मारा. तो मागे कोणीतरी मारलेलाच होता. मातीची भिंत पाणी पिते तशी हवेत सोडतेही. सिमेंटने तिचे तोंड बंद होते आणि पाणी आणखी वर चढते. सेवाग्रामची बापूकुटी पाहा. १९३०च्या दशकापासून मातीच्या भिंतींवर उभी आहे, पण पुढे आलेले छप्पर व पडवी भिंतीपर्यंत पाऊस येऊ देत नाहीत.

आम्ही वळचणीला पन्हाळी लावून पाणी नालीत नेले. उन्हाळ्यात पट्टीतली काळी माती थोडी-थोडी काढून मुरूम ठोकला व बाहेरच्या बाजूला उतार दिला. पायाखाली मात्र खणू नका, आणि झडीच्या दिवसांत तर मुळीच नाही; भिजलेली मातीची भिंत अंगावर येते. भिंत फुगलेली वा तडकलेली दिसली तर आधी माणसे तेथून हलवावीत. आम्ही मामंजींची खाट पहिल्याच दिवशी हलवली होती. ओल्या भिंतीवर विजेचे बटण असेल तर तेही बंद ठेवावे.

सिमेंट खरवडून आम्ही चुन्याचा गिलावा केला. भिंत लगेच सुकत नाही. इंचभर जाडीला महिना असा ढोबळ अंदाज आहे, आणि आमची भिंत दीड फुटाची. यंदाच्या पोळ्याला रेघ दीड फुटावर होती, मागल्या पोळ्याला तीन फुटांवर. खाट अजून जुन्या जागी नेलेली नाही.

कोणाला आपली भिंत पाहायची असेल तर मी व शेजारच्या वहिनी येऊ. नीळ तेवढी आपल्या घरची काढून ठेवा.