‘होते’ आणि ‘हॅड’



आपल्या डहाणू-तलासरीकडील मुलांच्या इंग्रजी निबंधांत ‘हॅड’चा फार सुकाळ असतो. ‘ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीस बालशिक्षणाचे केंद्र काढले होते’ हे आपले सहज मराठी. मूल तेच ‘हॅड स्टार्टेड’ असे उतरविते आणि गुण गमावते. साल दिले असता इंग्रजीस नुसते ‘स्टार्टेड’ पुरते. आपले ‘होते’ काळ मागे पडल्याचे सांगते. इंग्रजीच्या ‘हॅड’ला मागाहूनची दुसरी घटना लागते. १९५७ साली ते केंद्र कोसबाडला गेले. तत्पूर्वी त्याने बोर्डीस नाव मिळविले होते. येथे मात्र ‘हॅड अर्न्ड’ यथार्थ होय.

‘डिड नॉट वेंट’ ही दुसरी खोड. ‘गेला नाही’ यात भूतकाळ ‘गेला’मध्ये असतो, इंग्रजीत तो भार ‘डिड’नेच उचललेला असतो.

तेव्हा पालकहो, मुलास मंदबुद्धी म्हणण्याची घाई नको. चूक करताना ते शुद्ध मराठीच बोलत असते! त्यास इतकेच विचारावे, ‘या हॅडनंतर काय घडले?’ उत्तर न आल्यास साधा भूतकाळ लिहावयास सांगावे.