कपाटातले केसपेपर

(अंबाजोगाई येथे जिल्ह्यातील डॉक्टर व वैद्यकीय शिक्षकांसमोर केलेले अध्यक्षीय भाषण)



  

जून 2019 मध्ये आरोग्यमंत्र्यांनी विधिमंडळात सांगितले, की बीड जिल्ह्यात तीन वर्षांत 4,605 बायकांची गर्भाशये काढली गेली. देशभर गवगवा झाला. शस्त्रक्रिया आपल्या जिल्ह्यातल्या, आणि त्यांची चर्चा सुरू केली पत्रकारांनी! मला बोचते ते हे. प्रत्येक शस्त्रक्रियेचा केसपेपर कुठेतरी होता, डिस्चार्ज कार्ड होते. कपाटे भरलेली होती.

आता संपादकाच्या नजरेने तो आकडा पाहा. 4,605, पण कितींपैकी? अंश आहे, छेद नाही. नंतर आमदार नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली गेली. त्या वेळच्या सर्वेक्षणात 82,309 ऊसतोड महिलांपैकी 13,861 जणींची गर्भाशये काढलेली आढळली. म्हणजे साधारण सहाजणींमागे एक. छेद मिळाला आणि चित्रच बदलले. तरीही मूळ तक्रार काय होती, आधी औषधोपचार झाले का, सोनोग्राफीत काय दिसले, मुकादमाकडे खाड्याचा, म्हणजे बुडालेल्या दिवसाचा, दंड भरावा लागतो म्हणून बाईनेच ‘पिशवी काढून टाका’ म्हटले का, हे सर्वेक्षणाच्या रकान्यात मावत नाही. ते तपासणाऱ्या डॉक्टरने लिहायचे असते.

मी एका प्रादेशिक जर्नलसाठी हस्तलिखिते तपासतो. इंग्रजी कच्चे म्हणून लेख परत येतो, असा आपल्याकडे पक्का समज आहे. इंग्रजी दुरुस्त करता येते हो! लेख परत जातो तो त्यात प्रश्नच नसल्यामुळे. किंवा एथिक्स कमिटीच्या पत्रावरची तारीख अभ्यास संपल्यानंतरची असल्यामुळे. जुने केसपेपर चाळायचे असले तरी कमिटीकडे आधी जावे लागते. रुग्णाच्या संमतीतून सूट द्यायची की नाही, हे कमिटी ठरवते, आपण नाही.

आणखी एक गोष्ट, खास आपली. दिवाळीच्या आसपास कोयते, म्हणजे ऊसतोड जोडपी, साखर कारखान्यांकडे निघतात, ते उन्हाळ्यात परततात. मधल्या महिन्यांत आपले अर्धे फॉलोअप गायब. मग लेखक काय करतो? ते रुग्ण यादीतून गुपचूप वगळतो आणि निकाल चांगला दिसतो. असे करू नका. किती जण स्थलांतरित झाले, ते कोण होते, परतल्यावर कितीजण पुन्हा दाखवायला आले, हे लेखात उघड लिहा. दिल्लीच्या परीक्षकाला ती उणीव वाटेल. प्रादेशिक जर्नलचा परीक्षक तोच मजकूर आधी वाचेल.

केस रिपोर्ट लिहिताना मात्र हात आखडता घ्या. नाव काढले की ओळख लपली, हे मुंबईत चालत असेल. ‘केज तालुक्यातील अमुक गावची, तीन मुलींची आई, ऊसतोड कामगार’ एवढे लिहिले की सारे गाव तिला ओळखते. गाव काढा, मुलींची संख्या काढा, फोटो लागतोच का ते स्वतःला विचारा. लेखी संमती तिला कळेल अशा मराठीत घ्या.

‘आमच्याकडे सोयी नाहीत’ हे मी फार ऐकतो. डॉ. हिंमतराव बावस्कर शेजारच्या जालना जिल्ह्यातले. महाड तालुक्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात विंचूदंशाच्या रुग्णांची नाडी, रक्तदाब, घाम यांच्या नोंदी ते ठेवत गेले आणि 1982 मध्ये त्यांचा लेख ‘लॅन्सेट’मध्ये आला. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीच्या दोनच गावांतल्या 650 स्त्रिया तपासल्या. 92 टक्के जणींना स्त्रीरोग आढळले. तो लेख 1989 चा, त्याच ‘लॅन्सेट’मधला. लॅन्सेटच गाठा असे मी म्हणत नाही. त्या अभ्यासात छेद होता, एवढेच दाखवतो.

बढतीसाठी लेख हवा असतो, हे मला ठाऊक आहे. म्हणूनच ‘तीन दिवसांत स्वीकृती, शुल्क ऑनलाइन भरा’ अशी ईमेल आपल्याला येतात. तीन दिवसांत कोणताही परीक्षक लेख नीट वाचत नाही. पैसे जातात आणि लेखही जातो, कारण एकदा छापलेला लेख दुसरे जर्नल घेत नाही. आणि विभागप्रमुखांचे नाव केवळ ते विभागप्रमुख आहेत म्हणून लेखकांत घालू नका. काही विभागप्रमुख समोर बसले आहेत. त्यांनी रागावू नये.

तालुक्याच्या खासगी डॉक्टरकडे रुग्ण असतात, कमिटी नसते. महाविद्यालयात कमिटी असते, निवासी डॉक्टर विषय शोधत फिरत असतात. या दोघांची गाठ घालून द्यायची, म्हणून उद्या सकाळचे सत्र भाषणांविना ठेवले आहे. येताना स्लाइड आणू नका. एक प्रश्न, आणि त्याचे उत्तर देऊ शकतील असे किती केसपेपर तुमच्याकडे आहेत, एवढे एका कागदावर लिहून आणा.