उत्प्रेरकाचे आयुष्य आणि संशोधकाची कारकीर्द



परिषदेच्या अध्यक्षपदावरून बोलताना आपल्या उत्प्रेरकशास्त्राच्या प्रगतीचा आढावा घ्यावा, असा प्रघात आहे. परंतु ज्यांच्या आयुष्याच्या आधारे हे शास्त्र पुढे सरकते, त्या संशोधकांच्या कारकिर्दीचा विचार आज मला अधिक निकडीचा वाटतो.

एक उदाहरण पाहा. मुंबई विद्यापीठाने १९३३ साली स्थापन केलेल्या रासायनिक तंत्रज्ञान विभागात, केंब्रिजला डँक्वर्ट्स यांच्या हाताखाली १९६४ मध्ये पीएच.डी. पूर्ण केलेले मनमोहन शर्मा अवघ्या सत्ताविसाव्या वर्षी प्राध्यापक म्हणून रुजू झाले, आणि पुढील सारी कारकीर्द त्यांनी त्याच विभागाला वाहिली. रघुनाथ माशेलकर आणि ज्येष्ठराज जोशी हे दोघेही त्यांचेच पीएच.डी.चे विद्यार्थी, आणि पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील दोराईस्वामी यांच्यासह शर्मा यांनी लिहिलेला विषमावस्थ अभिक्रियांवरील द्विखंडात्मक ग्रंथ १९८४ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रतिभेचे मोल मी कमी लेखत नाही. परंतु ऐन उमेदीच्या वयात हातात आलेला कायम हुद्दा आणि त्यामुळे दूरचा प्रश्न हाती घेण्याची लाभलेली मुभा, यांचाही त्या यशात मोठा वाटा आहे, असे मी निश्चयपूर्वक म्हणतो. आजचा उत्प्रेरकशास्त्राचा पदवीधर पीएच.डी.नंतर एका तात्पुरत्या नेमणुकीतून दुसरीत जातो, दरवर्षी मुदतवाढीच्या मंजुरीची वाट पाहतो, आणि निवडसमितीपुढे जाताना शोधनिबंधांची यादी लांबवण्याखेरीज त्याच्यापाशी दुसरा उपाय उरत नाही.

याचा परिणाम थेट शास्त्रावर होतो. झिओलाइटसारखा उत्प्रेरक पहिल्या काही तासांत उत्तम काम करतो. मग त्याच्या सूक्ष्म रंध्रांत कार्बनी पुटे साचतात, आम्लकेंद्रे झाकली जातात. धातूचा उत्प्रेरक असेल, तर तप्त अवस्थेत त्याचे कण एकमेकांत मिसळून क्रियाशील पृष्ठभाग घटतो. कारखानदार प्रथम विचारतो तो हाच प्रश्न, की हा उत्प्रेरक किती महिने टिकेल? त्याचे उत्तर मिळवण्यासाठी हजार तास अखंड प्रयोग चालवावा लागतो, मध्येच वीज गेली तर तो बहुधा पुन्हा आरंभापासून मांडावा लागतो, आणि एवढ्या श्रमांतून हाती येतो एकच आलेख. त्याहून दुःखद असे, की उत्प्रेरक गरजेपेक्षा अधिक घेऊन रूपांतर शंभर टक्क्यांवर ठेवले, म्हणजे त्याचा ऱ्हास दिसतच नाही. आणि असा आलेख स्थैर्याचा पुरावा म्हणून छापलेला आपण सर्वांनी पाहिला आहे. मी विद्यार्थ्याला दोष देत नाही. ज्या दप्तरात केवळ शोधनिबंधांची संख्या नोंदली जाते, त्या दप्तराला देतो.

आपल्या विषयाचे कालमान निराळे आहे, हे अमोनियानिर्मितीच्या इतिहासाने दाखवले आहे. रसायनज्ञ मिटाश यांनी जर्मनीत हजारो प्रयोगांती लोहाधिष्ठित उत्प्रेरक निवडला, आणि ओपाऊचा अमोनियाचा कारखाना १९१३ मध्ये सुरू झाला. परंतु त्या लोहपृष्ठावर नायट्रोजनचा रेणू कसा दुभंगतो, हे निःसंशय दाखवण्याचे काम गेऱ्हार्ड एर्टल यांच्या पिढीकडे आले, आणि त्यांना नोबेल मिळाले ते २००७ मध्ये. तीन वर्षांच्या मुदतीच्या प्रकल्पात असा प्रश्न मावणे शक्य नाही.

म्हणून माझा ठराव असा आहे, की निवड आणि बढती यांच्या शिफारशी करताना दीर्घ मुदतीच्या ऱ्हासचाचणीची प्रामाणिक नोंद, मग तो उत्प्रेरक शेवटी निकामी ठरला तरी, प्रसिद्ध शोधनिबंधाच्या बरोबरीने धरावी. आणि होतकरू संशोधकाला निदान सहा वर्षांची निर्वेध नेमणूक द्यावी. या ठरावाचा मसुदा दुपारच्या सत्रात आपल्यापुढे येईल. ज्यांनी निवडसमित्यांवर काम केले आहे, त्यांनी त्यातील व्यावहारिक अडचणी निःसंकोच मांडाव्यात, आणि तात्पुरत्या पदांवरील तरुणांना प्रथम बोलू द्यावे, अशी सत्राच्या संचालकांना माझी विनंती आहे.