भिवंडीतील चहाचे हॉटेल आणि कामगाराचे गाणे



भिवंडीचे नाव निघाले की यंत्रमाग आणि दंगल या दोनच गोष्टी लोकांना आठवतात. मागांच्या खडखडाटाआड या गावात गाणेही आहे, याची दखल वर्तमानपत्रांनी क्वचितच घेतली. चळवळीची कामगिरीही याबाबत फारशी उजळ नाही.

मऊ, आझमगड, बनारस या भागांतून आलेले मोमीन विणकर, तेलंगणातून येऊन पद्मनगरात वसलेले पद्मशाली, बिहारचे मजूर आणि ठाणे जिल्ह्यातला मराठी माणूस यांच्या श्रमावर हे गाव उभे राहिले. माणूस पोटासाठी गाव सोडतो तेव्हा भांडीकुंडी मागे राहतात, पण गाणे बरोबर येते. पूर्वांचलच्या मजुराबरोबर लोखंडी करतालाच्या ठेक्यावरचा बिरहा आला, मोमिनांबरोबर कव्वाली आणि मुशायऱ्याची आवड आली. तेलुगू विणकराच्या मुलखात बुर्रकथेची परंपरा आहे. १९४० नंतरच्या दशकात आंध्रातील कम्युनिस्टांनी प्रजा नाट्य मंडळीमार्फत तिला चळवळीचे हत्यार बनवले आणि तिचा सर्वश्रेष्ठ कथाकार ठरला शेख नाझर. एका मुसलमान कलावंताने तेलुगू जनतेची कथा गावी, यात त्या जनतेला काहीच विशेष वाटले नव्हते.

आता हे गाणे गायचे कोठे? खोलीत आठ-दहा जण राहतात. दिवसपाळीवाला उठतो त्याच जागी रातपाळीवाला अंग टाकतो, म्हणजे चोवीस तासांत असा एकही प्रहर नाही की कोणीतरी झोपलेले नाही. मागाच्या शेडमध्ये आवाजाची पातळी ९५ ते १०० डेसिबलपर्यंत जाते. तेथे शेजाऱ्याशी बोलायचे तरी खुणा कराव्या लागतात. उरते ते नाक्यावरचे चहाचे हॉटेल किंवा खाणावळ. एका कटिंगच्या किमतीत तेथे जी वस्तू मिळते ती चहा नव्हे. बसण्याची जागा आणि ऐकणारा माणूस मिळतो. मालकाच्या हिशेबात हा निव्वळ तोट्याचा व्यवहार आहे, कारण गाणारा आणि ऐकणारा बाक अडवून बसतो. तरीही गल्ल्यावरचा माणूस अनेकदा तो तोटा सोसतो. अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात या औदार्याला रकाना नाही.

असे गाणे चोरून चालते असे नाही. पण कायद्याच्या नजरेने पाहिले तर ते भूमिगतच म्हणावे लागेल. १९५१ च्या मुंबई पोलीस कायद्याने खाद्यगृहे आणि सार्वजनिक करमणुकीची ठिकाणे परवान्याच्या कक्षेत आणली. करमणुकीचे प्रयोग, मेळे व तमाशे यांसाठी १९६० चे वेगळे नियम झाले. पंचतारांकित हॉटेलला परवाना म्हणजे एक फाईल असते. चार बाकांच्या चहावाल्याला ती हवालदाराची मर्जी ठरते. मुंबई सरकारने तमाशावर निर्बंध आणले तेव्हा अण्णाभाऊ साठ्यांनी त्याच आशयाला लोकनाट्याचे रूप दिले; अमर शेख, गवाणकर आणि त्यांचे लाल बावटा कलापथक (१९४४) गिरणगावात घरोघर पोचले, त्यामागे अशीच चाळ, खाणावळ आणि नाका होता. केरळात कोझिकोडेला गोदामांच्या माडीवर हमालांच्या संगीत मंडळ्या जमत. त्या शहराने एम. एस. बाबुराज (निधन १९७८) यांच्यासारखा संगीतकार दिला. मंडळ्या जमत, कारण माडी रिकामी मिळत होती आणि संध्याकाळ मोकळी होती.

भिवंडीत मोकळी संध्याकाळच नाही. १९४८ च्या कारखाना कायद्याने दिवसाला नऊ तास आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तास ही मर्यादा घातली. मात्र तो कायदा वीज वापरणाऱ्या व दहा कामगार असलेल्या जागेला लागू होता. तेव्हा एकाच छपराखालचे माग मुलगा, भाऊ, मेहुणा यांच्या नावांवर वाटण्यात आले, आणि कापडाच्या मीटरवर मजुरी घेणारा कामगार बारा तास उभा राहिला. २०२० च्या संहितेने तर ही दहाची अटच वीसवर नेली! बारा तास मागावर, दोन तास जेवणाखाणात आणि पाण्याच्या रांगेत गेल्यावर बिरह्याला किती मिनिटे उरतात, याचा हिशेब युनियनच्या मागणीपत्रकात कधी मांडला गेला आहे काय? फुरसत ही मजुरीचाच भाग आहे. ती कापली गेली की वेतनकपातच झाली, मग पगाराचा आकडा तोच का असेना.

दंगलींनीही या बैठकींवर घाव घातला. ७ मे १९७० ला शिवजयंतीच्या मिरवणुकीवेळी पेटलेली दंगल न्यायमूर्ती मादन आयोगाच्या अहवालात सविस्तर नोंदलेली आहे. मे १९८४ मध्ये पुन्हा तेच घडले. संचारबंदीत पहिले बंद होते ते हॉटेल, आणि ते उघडते तेव्हा गिऱ्हाईक वस्तीनुसार वाटले गेलेले असते. पुढे १९८८ पासून पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या बांधल्या, आणि डिसेंबर १९९२ व जानेवारी १९९३ मध्ये मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. याचे श्रेय गाण्याला देणे हा भाबडेपणा होईल. परंतु एकमेकांना नावाने ओळखणारी माणसे समितीला मिळाली, ती रोज कोठेतरी एकत्र बसत असलीच पाहिजेत.

समाजवाद्यांचे कलापथक कामगारांपुढे पुष्कळ गायले. कामगाराचे गाणे ऐकायला मात्र फारसे कोणी बसले नाही. भिवंडीच्या कार्यकर्त्यांनी पाळी सुटण्याच्या वेळी अशा हॉटेलात जाऊन बसावे. पत्रके बरोबर नेऊ नयेत, चहाचे पैसे स्वतः द्यावेत आणि सभेची भाषा दाराबाहेर ठेवावी. ध्वनिवर्धक नसलेल्या, चार बाकांवरच्या गाण्याला परवान्यातून सूट मिळावी, ही मागणी महापालिका आणि पोलीस ठाणे या दोन्ही ठिकाणी नेता येईल. आठ तासांची पाळी मात्र मालकाकडूनच घ्यावी लागेल, आणि तेथे अर्ज पुरणार नाही.