झाड वाळलं? आधी खोड चिरून पाहा
(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



भावाच्या प्रश्नावर सकाळपासून बोलणं झालं. आता थोडा वेळ एका किड्यावर बोलायचं आहे. मेळाव्यात किडा कशाला, असं वाटेल. पण या किड्याचा संबंध आपल्या खिशाशी आहे.

सोनकिडा आपण सगळ्यांनी लहानपणी पाहिलेला आहे. पावसाळ्यात बाभळीवर बसतो, बाभळीचा पाला खातो, अंगावर हिरवी-सोनेरी झळाळी असते. पोरं त्याला काडेपेटीत ठेवतात. हा किडा मेला तरी त्याची चमक जात नाही, कारण ती नुसत्या रंगाची नसते. त्याच्या कवचात अतिशय पातळ थर एकावर एक असतात, त्यांवरून उजेड परततो आणि झळाळी दिसते. म्हणूनच जुन्या काळी त्याच्या पंखांची कवचं जरीच्या कापडावर शिवत.

या किड्याचं कुळ मोठं आहे. जगात त्याच्या सुमारे 15 हजार जाती आहेत. बहुतेकांची रीत एकच. आयुष्याचा मोठा भाग अळी म्हणून काढायचा, तोही लाकडात, खोडात किंवा मुळांत, म्हणजे अंधारात. चमकणारा भुंगेरा बाहेर येतो तो थोड्या आठवड्यांचा पाहुणा. आपल्याला दिसतो तो पाहुणा. खाऊन जाते ती अळी, आणि ती दिसत नाही.

याच कुळातला एक आपल्या कपाशीत राहतो. शास्त्रज्ञ त्याला स्फेनोप्टेरा गॉसिपी म्हणतात. आपण त्याला कपाशीचा खोडकिडा म्हणू. पण ज्वारीच्या खोडकिड्याशी त्याची गल्लत करू नका. ज्वारीतला खोडकिडा म्हणजे पतंगाची अळी, तिला पाय असतात. कपाशीतला भुंगेऱ्याची अळी, तिला पाय नसतात.

याचा भुंगेरा साधारण सेंटीमीटरभर लांब, काळपट तांबूस. याला कोणी सोन्याचा म्हणणार नाही. याची मादी खोडावर एकेक अंडं घालते. अळी निघाली की सरळ खोडात शिरते. पांढुरकी, डोक्यामागचा भाग रुंद आणि चपटा, बाकी अंग बारीक. चपट्या डोक्याच्या खिळ्यासारखी दिसते. ती खोड आतून पोखरत जाते आणि मागे आपलाच भुसा दाबून भरत जाते. कोषही खोडातच करते. भुंगेरा झाला की खोडाला भोक पाडून बाहेर येतो.

बाहेरून आपल्याला काय दिसतं? काल हिरवं असलेलं झाड आज मान टाकतं. आपण झाड उपटतो, त्याचा शेंडा घेतो आणि कृषी केंद्रात जातो. काउंटरवरचा माणूस शेंडा पाहतो आणि दोन बाटल्या काढून देतो. आता सांगा, खोडाच्या आत भुश्यानं बंद केलेल्या बोगद्यात बसलेल्या अळीला पानावरची फवारणी कशी लागणार?

बीटी बियाणं आहे, मग काय भीती, असंही कोणी म्हणेल. बीटी कपाशीला आपल्याकडे 2002 साली परवानगी मिळाली ती बोंडअळ्यांसाठी. तिच्यातलं विष पतंगांच्या अळ्यांना लागतं, भुंगेऱ्याच्या अळीला नाही.

म्हणून आमचं म्हणणं एवढंच, की पैसे काढण्याआधी विळा काढा. वाळलेलं झाड मुळासकट उपटा आणि खोड उभं चिरा.

आत बोगदा आणि भुसा दिसला, तर खोडकिडा.

बोगदा नाही, पण लाकडात तपकिरी-काळ्या रेघा आहेत, तर मर रोग. देशी कपाशीत तो जास्त.

मुळाची साल कुजलेली, हातानं सहज सुटते, तर मूळकूज.

यातलं काहीच नाही, आणि मोठ्या उघाडीनंतर जोराचा पाऊस होऊन रानात पाणी साचलं होतं, तर आकस्मिक मर. तिथे पहिला उपाय म्हणजे चर काढून पाणी बाहेर काढणं.

चार दुखणी, बाहेरून चेहरा एकच. चारांवर एकच बाटली चालत नाही.

खोडकिडा निघाला तर? वाळलेली झाडं बांधावर फेकू नका, अळी आत जिवंत असते. घरी नेऊन चुलीत घाला. हंगाम संपला की पऱ्हाटी मुळासकट काढा. फरदड ठेवू नका, त्यात गुलाबी बोंडअळीलाही घर मिळतं. बांधावर रचलेली पऱ्हाटी पावसाळ्याच्या आत संपवा.

खरं सांगायचं तर हा किडा बोंडअळीएवढा मोठा वैरी नाही. शिवारात कुठे दिसतो, कुठे दिसत नाही. पण न ओळखता मारलेली फवारणी ही त्याच्यापेक्षा मोठी नुकसानी आहे. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर गेले. ती माणसं आपलीच होती. जी फवारणी किड्याला लागतच नाही, तिच्यासाठी कुणाच्या पाठीवर पंप चढवायचा नाही.

खर्च कमी करा म्हणजे भाव मागायची गरज नाही, असा उपदेश आपल्याला पुष्कळांनी केला. तो आम्ही करणार नाही. उत्पादन खर्चावर आधारित भाव हा आपला हक्क आहे आणि ती लढाई चालूच राहील. पण भाव मिळाला तरी फुकटची बाटली घेणारा तोट्यातच जाईल.

या हंगामात गावोगाव एक काम करा. वाळलेली दहा झाडं आणा, पारावर बसा आणि सगळ्यांसमोर खोडं चिरा. पोरांना सोबत घ्या, त्यांची नजर आपल्यापेक्षा तीक्ष्ण असते. काय निघालं ते वहीत लिहा आणि पुढच्या मेळाव्याला ती वही घेऊन या.